बारा अक्षरांचा पत्ता



गावाकडे आता गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो. त्यावर बारा आकडे असतात. जनावर बाजारात विकले गेले, दुसऱ्या तालुक्यात गेले, तरी तो आकडा त्याच्याबरोबर जातो. लस कधी टोचली, मालक कोण, हे सारे त्या आकड्याखाली नोंदले जाते. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंनाही असाच एक आकडा पाठ असतो, तो म्हणजे शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक. शाळा मारुतीच्या देवळातून नव्या इमारतीत गेली तरी क्रमांक तोच राहतो. आज मी ज्या आकड्याची हकीकत सांगणार आहे, तो याच जातीचा आहे. तो संगणकाचा आहे, त्यातही बाराच अक्षरे असतात, आणि त्याचा सारा इतिहास उण्यापुऱ्या पन्नास वर्षांत घडलेला आहे.

तुम्ही म्हणाल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाने संगणकाच्या भानगडीत कशाला पडावे? प्रश्न रास्त आहे. मी पडलो नाही, मला पडावे लागले.

आमच्या महाविद्यालयात ग्रंथालय समितीचे काम माझ्याकडे आहे. ग्रंथालयाची सूची ज्या संगणकावर होती, तो बारा वर्षांचा म्हातारा झाला होता. पंख्याचा आवाज असा, की वाचनालयात कुणी जाते फिरवते आहे असे वाटावे. संगणक विभागातल्या तरुण सहकाऱ्यांनी तोडगा काढला. त्या म्हाताऱ्याच्या पोटातले सगळे जसेच्या तसे उचलायचे आणि एका मोठ्या नव्या यंत्राच्या आत आभासी यंत्र म्हणून वसवायचे. आभासी यंत्र म्हणजे यंत्राच्या आतले यंत्र. त्याला स्वतःची पेटी नाही, तारा नाहीत. पण आतल्या कार्यक्रमाला वाटते की आपण एका स्वतंत्र संगणकावरच चाललो आहोत. शनिवारी स्थलांतर झाले. सोमवारी सकाळी एस.टी.ने आलेली मुले वाचनालयात बसली, परीक्षा तोंडावर आलेली, आणि एकाही पडद्यावर सूची उघडेना. पुस्तके कपाटात, सूची यंत्रात, यंत्र चालू. तरी सूची सापडत नाही! माहिती जशीच्या तशी होती. बदलला होता फक्त बारा अक्षरांचा पत्ता.

या पत्त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. तो आला कोठून, हे पाहू.

१९७१ साली हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहा’ नावाचे एक जाळे चालू केले. बेटे समुद्राने तोडलेली, म्हणून त्यांनी संगणकाचे निरोप रेडिओवरून धाडले. आकाश सर्वांचे एकच. दोघे एकदम बोलले तर गलका होई, आणि मग थोडे थांबून पुन्हा बोलावे लागे. ही कल्पना कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ या तरुणाने उचलली. २२ मे १९७३ रोजी त्याने एक टिपण लिहिले. आकाशाऐवजी एक लांब तार घ्यावी, सगळे संगणक तिला जोडावेत, आणि प्रत्येकाने बोलण्यापूर्वी दुसरा कुणी बोलत नाही ना हे ऐकावे, असा त्याचा सारांश. या योजनेला त्याने ईथरनेट हे नाव दिले. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्याने ती प्रत्यक्षात उतरवली.

आता पाहा, एकाच तारेवर सगळे जोडलेले, म्हणजे एकाचे बोलणे सर्वांच्या कानी पडणार. भरल्या चावडीत कुणी काही सांगितले, तर ते कुणासाठी आहे हे नाव घेतल्याशिवाय कळायचे कसे? म्हणून प्रत्येक निरोपाच्या आरंभी घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता घालण्यात आला, आणि शेवटी मजकूर वाटेत बिघडला नाही हे पडताळण्याची खूण. आमच्या जुन्या मराठी पत्रांत वर शिक्का आणि खाली मोर्तब असे, त्याची मला इथे आठवण होते. खालची खूण असल्यावर मागाहून कुणी ओळ वाढवू शकत नसे.

पहिल्या ईथरनेटमधला पत्ता लहान होता, आठ बिटांचा; म्हणजे २५६ आकडेच शक्य. एका इमारतीला तेवढे पुरेसे होते. प्रत्येक जाळ्याचा व्यवस्थापक आपल्या यंत्रांना क्रमांक देई. पण एका इमारतीतला ५ क्रमांकाचा संगणक दुसऱ्या इमारतीत नेला, तर तिथे आधीच एक ५ क्रमांक बसलेला असे. गावोगावी गणपत पाटील असतात, तशातली ही गत.

यावर उपाय शोधणाऱ्यांत एक नाव आपल्या जवळचे आहे. योगेन दलाल यांनी १९७२ साली पवईच्या आय.आय.टी.मधून पदवी घेतली आणि पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकले. आज ज्या नियमांवर इंटरनेट चालते, त्यांच्या १९७४ च्या पहिल्या आराखड्यावर विंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर त्यांचेही नाव आहे. पुढे झेरॉक्स कंपनीत असताना, १९८१ साली, त्यांनी आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी एक निबंध मांडला. त्याचे सूत्र असे की, संगणकाचा क्रमांक जाळ्याने देऊ नये. तो संगणकाबरोबर जन्माला यावा आणि जगात एकमेव असावा. संगणक कोणत्याही जाळ्याला जोडा, क्रमांक तोच. त्यासाठी त्यांनी ४८ बिटांचा पत्ता घेतला. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी आकडे बसतात. कुणाला ही उधळपट्टी वाटेल. पण तिच्यातच शहाणपण होते. आकडे मुबलक असले म्हणजे ते काटकसरीने, परत परत विचारून वाटावे लागत नाहीत. कारखान्याला एक मोठा गठ्ठा एकदाच द्यावा, पुढे कारखान्याने आपले पाहावे.

झेरॉक्स, डिजिटल आणि इंटेल या तीन कंपन्यांनी सप्टेंबर १९८० मध्ये ईथरनेटचा जो संयुक्त नियम प्रसिद्ध केला, त्यात हाच ४८ बिटांचा पत्ता होता. गठ्ठे वाटण्याचे काम आरंभी झेरॉक्सकडे होते, पुढे ते आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेकडे आले. पद्धत साधी आहे. बारा अक्षरांपैकी पहिली सहा कारखान्याची, उरलेली सहा त्या कारखान्यातल्या नगाची. एका गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ पत्ते असतात. इथे मोजणी दहाच्या पाढ्याने नसून सोळाच्या पाढ्याने आहे. शून्य ते नऊ झाल्यावर पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी सहा अक्षरे येतात. म्हणून मी आकडे न म्हणता बारा अक्षरे म्हणतो.

एक शंका येईल. इंटरनेटचा म्हणून जो पत्ता असतो, तो वेगळा का? होय, वेगळा. इंटरनेटचा पत्ता म्हणजे मुक्काम पोस्ट. जागा बदलली की तो बदलतो. मॅक पत्ता म्हणजे कानातला बिल्ला. या दोहोंची गाठ घालून देणारा नियम डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहिला. एक यंत्र जाळ्यात पुकारा करते, ‘अमुक मुक्कामाला कोण राहते?’ आणि त्या मुक्कामाचे यंत्र आपला बिल्ला सांगते. आज घरोघरी हाच पुकारा दिवसातून कितीतरी वेळा होत असतो.

तर पत्ता कारखान्यात कोरला गेला, जन्मभरचा झाला. पण इतिहासात ‘कायमचे’ हा शब्द जपून वापरावा, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. नियम करणाऱ्यांनीच त्यात एक पळवाट, खरे म्हणजे एक दार, ठेवले होते. पत्त्यातल्या एका बिटावरून हा पत्ता कारखान्याचा की स्थानिक माणसाने दिलेला, हे कळते. पत्त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो स्थानिक समजावा. आणि दुसरे अक्षर विषम असेल तर तो पत्ता एका यंत्राचा नसून समूहाचा. एकट्या यंत्राला तो चालत नाही.

हे दार लगेच वापरातही आले. डिजिटल कंपनीची डेकनेट नावाची जाळी यंत्राचा कोरलेला पत्ता बाजूला ठेवून एए-००-०४-०० ने सुरू होणारा आपला पत्ता त्याला नेसवीत असत. सन कंपनीच्या संगणकांत तर पत्ता एका लहानशा चिपमध्ये राही आणि त्या चिपला आतल्या बॅटरीचा आधार असे. दहा-बारा वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र आपला पत्ताच विसरे! मग जुन्या जाणत्या कारभाऱ्याने तो हाताने पुन्हा लिहून द्यावा. म्हणजे जन्मखूण मानलेली गोष्ट शेवटी वहीत लिहून ठेवावी लागली.

आता आभासी यंत्राकडे येऊ. कल्पना नवी नाही. आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकातच एका मोठ्या संगणकात अनेक आभासी संगणक चालवण्याचे प्रयोग झाले, आणि १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ या नावाने ती व्यवस्था बाजारात आली. साध्या टेबलावरच्या संगणकाला ती विद्या १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने दिली. मग व्हर्च्युअलबॉक्स, झेन, क्यूएमयू, हायपर-व्ही असे अनेक कार्यक्रम आले.

पण इथे पेच असा पडला की, आभासी यंत्राचा कारखाना कोणता? त्याच्या जाळ्याच्या कार्डाला धातूच नाही, तर पत्ता कोरायचा कशावर? तोड अशी निघाली की, पत्ता कार्यक्रमानेच बनवावा. व्हीएमवेअरने आपोआप बनणाऱ्या पत्त्यांसाठी ००-०सी-२९ हा गठ्ठा ठेवला, आणि माणसाने हाताने द्यायच्या पत्त्यांसाठी ००-५०-५६ या गठ्ठ्यातला चौथी जोडी ०० ते ३एफ असलेला भाग राखला. त्यात ४१,९४,३०४ पत्ते बसतात. व्हर्च्युअलबॉक्सचे पत्ते ०८-००-२७ ने सुरू होतात, हायपर-व्हीचे ००-१५-५डी ने, क्यूएमयूचे ५२-५४-०० ने. या शेवटच्याचे दुसरे अक्षर २ आहे. म्हणजे तो आपण स्थानिक असल्याचे उघड सांगतो.

आपोआप बनलेला पत्ता सोयीचा असतो. पण यंत्र हलवले, त्याची नक्कल काढली, की तो बदलू शकतो. आभासी यंत्राची फाईल दुसऱ्या ठिकाणी नेऊन उघडली म्हणजे व्हीएमवेअर एक प्रश्न विचारते, ‘तुम्ही हे हलवले, की नक्कल केली?’ हलवले म्हटले तर जुना पत्ता राहतो. नक्कल म्हटले तर नवा मिळतो. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. बिऱ्हाड हलले तर घराणे तेच. पण जुळा भाऊ जन्मला तर त्याला वेगळे नाव हवेच.

आमच्या ग्रंथालयात नेमके हेच झाले होते. बिऱ्हाड हलले होते, आणि नव्या घरात त्याला नवे नाव मिळाले होते. मग जाळ्यात मुक्काम वाटणारा जो कारभारी कार्यक्रम असतो, त्याच्या वहीत नोंद होती की अमुक बिल्ल्याच्या यंत्राला अमुक मुक्काम द्यावा. नवा बिल्ला त्याच्या ओळखीचा नव्हता, म्हणून त्याने भलताच मुक्काम दिला, आणि वाचनालयातले पडदे जुन्या मुक्कामी जाऊन रिकाम्या दारावर थाप मारीत बसले. शिवाय सूचीच्या कार्यक्रमाचा परवानाही जुन्या बिल्ल्याशी बांधलेला. तोही रुसला.

उपाय होता पत्ता ठरवून देण्याचा. ज्या शिक्षकांच्या शाळेत अशी यंत्रे आहेत, त्यांच्यासाठी कृती सांगतो. पहिली गोष्ट, जुना पत्ता वहीत लिहून घ्या. विंडोजमध्ये ‘गेटमॅक’ ही आज्ञा तो दाखवते, लिनक्समध्ये ‘आयपी लिंक’. दुसरी, आभासी यंत्र पूर्ण बंद करा. नुसते झोपवून चालत नाही. तिसरी, त्या यंत्राच्या मांडणीत जाळ्याच्या कार्डाचे पान उघडा. पत्त्याच्या जागी ‘आपोआप’ असेल तिथे ‘स्थिर’ किंवा ‘हाताने’ हा पर्याय घ्या आणि बारा अक्षरे लिहा. चौथी, यंत्र सुरू करून आत पुन्हा तीच आज्ञा द्या आणि अक्षरे वहीशी ताडून पाहा. हा बदल यंत्राच्या बाहेरच्या मांडणीत करावा, आत शिरून नव्हे. आतून बदललेला पत्ता बाहेरच्या नोंदीशी जुळला नाही, तर काही व्यवस्था ती तोतयेगिरी समजून त्याचे निरोप अडवतात. नवाच पत्ता द्यायचा असेल तर त्या कार्यक्रमाच्या गठ्ठ्यातला घ्यावा किंवा स्थानिक खुणेचा घ्यावा, आणि कुणाला कोणता दिला याची एक वही ठेवावी.

परवान्याबद्दल एक बोलणे भाग आहे. पत्ता लिहिता येतो म्हटल्यावर एका परवान्यावर चार यंत्रे चालवण्याचा मोह होतो. आम्ही आधी त्या कंपनीला पत्र पाठवले, जुने यंत्र बंद करीत असल्याचे कळवले, आणि लेखी होकार आल्यावरच जुना पत्ता नव्या यंत्राला दिला. बुधवारी दुपारी सूची उघडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पुस्तके मागायला धावली, आणि तेच योग्य होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. पंधरा दिवसांनी सूची मधूनच अडखळू लागली. दहा मिनिटे चाले, पाच मिनिटे गप्प. कुणालाच उमजेना. शेवटी आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांनी छडा लावला. जुने यंत्र आम्ही मोडीत न काढता वसतिगृहाच्या कचेरीत दिले होते. कुणीतरी सद्हेतूने ते पुसूनपासून जाळ्याला जोडले होते. एकाच जाळ्यात एकाच बिल्ल्याची दोन जनावरे!

असे झाल्यावर काय होते, ते सांगतो. पूर्वीच्या एका लांब तारेच्या जागी आता स्विच नावाची पेटी असते. १९९० साली भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज यांच्या ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने ईथरनेटची अशी पहिली पेटी बाजारात आणली. ही पेटी कोणता पत्ता कोणत्या तारेवर बोलला, हे ध्यानात ठेवते आणि निरोप त्याच तारेवर धाडते. दोन तारांवरून एकच पत्ता बोलू लागला की तिची मती गुंग होते. वसतिगृहाचे यंत्र शेवटी बोलले तर सूचीचे निरोप तिकडे जातात. ग्रंथालयाचे बोलले तर इकडे येतात. पेटी लबाडी करीत नाही, ती शेवटच्या बोलणाऱ्यावर विश्वास ठेवते. चूक आमची होती. पत्ता दिला, पण जुन्याकडून तो काढून घेतला नाही. जुन्या यंत्रात नवे कार्ड बसवले आणि दोघांचे भांडण मिटले.

सारे पत्ते स्थिरच असावेत असे मात्र नव्हे. आपल्या खिशातला फोनही असा पत्ता बाळगतो. तो कायमचा असला तर बाजारात, स्टेशनात, कोणत्या वेळी कोण आले-गेले, याचा माग काढणे सोपे होते. म्हणून ॲपलने २०१४ साली जाळे शोधताना फोनने बदलता पत्ता वापरावा अशी सोय केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून जाळ्याला जोडतानाही खऱ्याऐवजी बनवलेला पत्ता देण्याची रीत पडली. आपल्या फोनच्या वाय-फायच्या पानावर तो पत्ता पाहा. दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई दिसले, तर तो त्याच जुन्या दारातून आला आहे असे समजा.

म्हणजे ज्याने सर्वांना सापडावे, अशा ग्रंथालयाच्या यंत्राला पत्ता स्थिर हवा. आणि ज्याचा माग कुणी काढू नये, अशा माणसाच्या फोनला तो बदलता हवा. आकड्याचे काम एकच, पण न्याय वेगवेगळा. दलाल आणि प्रिंटिस यांनी पत्ता यंत्राला दिला, कारण त्या काळी यंत्र आणि त्याचे काम ही एकच गोष्ट होती. आज काम एका यंत्रातून दुसऱ्यात जाते. तेव्हा पत्ता लोखंडाचा नाही, तर कामाचा, जबाबदारीचा झाला आहे. आणि जबाबदारीचा आकडा एका वेळी एकाकडेच असावा, हे गावातल्या कुठल्याही कोतवालाला सांगावे लागत नाही.

आमच्या ग्रंथालयात आता एक साधी शंभर पानी वही आहे. तिच्यात प्रत्येक यंत्राचा पत्ता, तो कुणी दिला, कोणत्या तारखेला दिला आणि कुणाकडून काढून घेतला, हे शाईने लिहिले जाते. विजेवर चालणाऱ्या साऱ्या व्यवहाराची किल्ली शेवटी त्या वहीत आहे. इतिहासाच्या माणसाला याहून अधिक समाधान कोणते असणार?